कमी चाललेली स्पोर्ट्स कार आणि खासगी सौदा: एक आढावा

पुण्या-मुंबईकडे गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांच्या बाजारात एक नवा विक्रेता दिसू लागला आहे. त्याने सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने एक वेगवान गाडी घेतली. रोजच्या कामाला दुसरी गाडी होती, त्यामुळे ही फक्त रविवारी पहाटे बाहेर पडायची. लोणावळ्यापर्यंत, फार तर महाबळेश्वरपर्यंत. मीटरवर जेमतेम वीस हजार किलोमीटर झाले, सर्व्हिस कधी चुकली नाही, पावसाळ्यात गाडी कव्हरखालीच राहिली. आता घरात लहान मूल आहे, किंवा सोसायटीत पार्किंगची जागा एकच उरली आहे, आणि गाडी काढायची आहे. डीलर सांगतो तो भाव ऐकून मन खट्टू होतं. स्वतः विकायची तर अनोळखी माणसाच्या हाती किल्ली कशी द्यायची, पैसे कसे घ्यायचे, आरसी कधी त्याच्या नावावर होणार, ही धास्ती असते.

प्रश्न एका घरापुरता वाटला तरी त्याच्यामागे अर्थशास्त्रातला पन्नास वर्षांहून जुना वाद आहे, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत आणि गाडी उभी राहिली की तिचं काय होतं याबद्दल मेकॅनिक मंडळींचे परस्परविरोधी अनुभव आहेत. त्यातलं काय ठरलं आहे आणि काय अजून अधांतरी आहे, ते इथे पाहू.

बाजार कसा घडला

आपल्याकडे स्पोर्ट्स कार ही फार काळ बाहेरून आलेल्या पाहुण्यांचीच गोष्ट होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, फायबरग्लासच्या बॉडीची छोटी गाडी तयार झाली. इंजिन रेनोचं, बाराशे सीसीच्या आतलं, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. तिचे ग्राहक मोजकेच राहिले, पण परवडणाऱ्या देशी स्पोर्ट्स कारची कल्पना तिने रस्त्यावर आणली. खरा बदल २०१५नंतरचा. ऑक्टोबर २०१५मध्ये फियाटने पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत आणली. २०१६मध्ये फोर्डने मस्टँग जीटी ६५ लाखांना अधिकृतपणे विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी फोक्सवॅगनने तीन दारांची पोलो जीटीआय आणली, फक्त ९९ गाड्या, किंमत जवळपास २६ लाख. पोलोला एवढे पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होईना, आणि पुढे तिची किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. ऑगस्ट २०१७मध्ये २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली, २४.६२ लाखांना. २०२०मध्ये तिची २४५ अश्वशक्तीची आवृत्ती आली, ३५.९९ लाखांना आणि २०० गाड्यांपुरती.

शुद्धतावादी म्हणतील की चार दारांची, मोठ्या डिकीची ऑक्टाव्हिया ही स्पोर्ट्स कार नव्हे. व्याख्येच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. पण महाराष्ट्रात खासगी सौद्यांचा विषय निघाला की पोर्शे बॉक्स्टर किंवा बीएमडब्ल्यू झेड४ यांच्याइतकंच आरएसचंही नाव निघतं, म्हणून या आढाव्यात ती धरली आहे. या गाड्या आता सहा ते दहा वर्षांच्या झाल्या आहेत. पहिल्या मालकाने त्या काढण्याचा हाच काळ.

कमी रनिंग: गुण की दोष

पहिला वाद मीटरवरच्या आकड्याचा. एक पक्ष सरळ आहे. यंत्र जेवढं कमी चाललं तेवढी झीज कमी, म्हणून भाव जास्त. स्पोर्ट्स कारबाबत या पक्षाचं म्हणणं आणखी ठाम असतं, कारण या गाड्या दामटवल्या जातात. टर्बो, क्लच, ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश हे सगळं प्रत्येक जोरदार फेरीत थोडं थोडं खर्ची पडतं. पंधरा हजार चाललेल्या गाडीत अशा फेऱ्या कमीच झालेल्या असणार.

दुसरा पक्ष बहुतेक गॅरेजवाल्यांचा. गाडी चालवल्याने बिघडते तशी उभी राहूनही बिघडते, फक्त बिघडण्याची जागा वेगळी, असं ते सांगतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून किलोमीटर कितीही असोत, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. बॅटरी उतरते. रबरी होस आणि सील कडक होतात. टर्बो पेट्रोल इंजिन गरम व्हायच्या आत बंद केलं जात असेल, म्हणजे सोसायटीतून निघून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि परत, तर न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरत राहतो. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते. तिथे उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर आणि एक्झॉस्टच्या जोडांवर गंज लवकर चढतो.

वाद सर्वात स्पष्ट दिसतो तो टायरवर. टायरच्या बाजूला ‘डॉट’ या खुणेपुढे चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१७’ असेल तर टायर २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. समजा, १८,००० किलोमीटर चाललेल्या २०१७च्या ऑक्टाव्हियावर हेच टायर आहेत. खाच अजून खोल आहे, नवा भासावा असा टायर. पण कडेला बोट फिरवलं तर केसासारख्या बारीक चिरा लागतात, आणि नखाने दाबलं तर रबर दबत नाही. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे कुठल्याही परिस्थितीत वापरू नका, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. सव्वादोनशे अश्वशक्तीच्या गाडीवर, ओल्या घाटात, असे टायर जिवावर बेतू शकतात. विक्रेता हाच टायर ‘ओरिजिनल’ म्हणून अभिमानाने दाखवतो आणि गिऱ्हाईक चार नव्या टायरांचे पैसे भावातून वजा करतं. माझ्या मते इथे गिऱ्हाइकाचं बरोबर आहे.

गिअरबॉक्सबद्दल मात्र एकमत नाही. आरएस २३०मध्ये ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे. त्याचं ऑइल बदलण्याचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधलेलं आहे, साठ हजारांचं. वर्षाला दोन हजार चालणारी गाडी तिथवर कधी पोहोचणारच नाही. काही जाणकार पाच-सहा वर्षांनी ते ऑइल बदलायला सांगतात, तर काही म्हणतात की कंपनीने सांगितलं नसेल तर हात लावू नका. पोलो जीटीआयमधला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, आणि गर्दीत रांगत चालवल्याने त्याच्या क्लचची झीज लवकर होते. म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमधले पंधरा हजार हे एक्स्प्रेस-वेवरच्या तीस हजारांपेक्षा जड ठरू शकतात.

परदेशात हा वाद पोर्शेवरून सर्वाधिक रंगला. १९९७पासून पुढची साधारण दहा वर्षं बॉक्स्टर आणि ९११च्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग होतं, ‘आयएमएस’ या नावाने कुप्रसिद्ध झालेलं. ते तुटलं की बहुधा सगळं इंजिन निकामी होतं. ते बदलणाऱ्या अनेक कारागिरांचं निरीक्षण असं की नियमित पळालेल्या गाड्यांपेक्षा उभ्या राहिलेल्या गाड्यांत ते जास्त वेळा गेलं, कारण उभ्या इंजिनात ऑइल फिरत नाही. संग्राहक तरीही कमी चाललेलीच गाडी जास्त पैशांना घेत राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण संग्राहक दुर्मीळपणाची किंमत मोजतो आणि चालवणारा यंत्राच्या तब्येतीची. आपली गाडी यांपैकी कोण घेणार हे विक्रेत्याने आधी ओळखलं तर भावाची निम्मी घासाघीस वाचते.

आकडा खरा कशावरून

कमी रनिंगला भाव असल्यामुळेच मीटर मागे फिरवण्याचा धंदा चालतो. डिजिटल मीटर आल्यावर तो बंद होईल असं वाटलं होतं. उलट लॅपटॉप लावून काही मिनिटांत होणारं काम झालं.

काही देशांनी यावर कायद्याने उत्तर शोधलं. अमेरिकेत १९७२पासून मीटरशी छेडछाड हा संघराज्य पातळीवरचा गुन्हा आहे आणि विकताना मीटरचं रीडिंग लेखी द्यावं लागतं. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलना ही अट वीस वर्षांपर्यंत लागू केली आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत नोंदलेलं रीडिंग गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट पाहता येतं. बेल्जियममध्ये २००६पासून जुनी गाडी विकताना ‘कार-पास’ हा रीडिंगचा दाखला द्यावा लागतो. जर्मनीत २००५पासून आकडा बदलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आपल्याकडे वाहन नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत मालकांची संख्या, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी यांची माहिती मिळते, पण वर्षागणिक किलोमीटरचं सार्वजनिक खातं नाही. त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्यालाही आपलं खरेपण स्वतःच सिद्ध करावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलांवर दर वेळचं रीडिंग छापलेलं असतं आणि तोच सर्वात भक्कम पुरावा मानला जातो. स्कॅनर लावला तर इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएस यांच्या वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमध्ये राहिलेल्या नोंदी मीटरशी जुळतात का, हे अनेक गाड्यांत पाहता येतं. रंगाची जाडी मोजणारं मीटर दारावर, मडगार्डवर, छतावर टेकवलं की कारखान्याचा मूळ थर आणि नंतरचं डेंटिंग-पेंटिंग यांतला फरक आकड्यात उतरतो. ड्रायव्हर सीटची कड, स्टीअरिंगचं चामडं आणि ब्रेक पेडलचं रबर हे पारखी डोळ्यांचे जुने साक्षीदार. वीस हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

जाणत्या विक्रेत्याने ही तपासणी गिऱ्हाइकाआधी स्वतःच करून घ्यावी की नाही, यावर मतं विभागली आहेत. करून घ्यावी म्हणणारे सांगतात की त्याने विश्वास बसतो आणि घासाघीस कमी होते. नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की विक्रेत्याने आणलेल्या अहवालावर गिऱ्हाईक तसंही विश्वास ठेवत नाही. ते आपलाच माणूस घेऊन येतं आणि खर्च वाया जातो. दोन्ही बाजूंना मान्य असलेली वाट म्हणजे गिऱ्हाइकाने निवडलेल्या गॅरेजमध्ये गाडी न्यायला विक्रेत्याने तयार असणं. तपासणीचा दिवस ठरला की एक पथ्य पाळावं. गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन सुरू करून ठेवू नये. थंड इंजिन सुरू होताना ऐकायला मिळालं नाही की अनुभवी माणूस तिथेच सावध होतो.

अर्थशास्त्रज्ञ काय म्हणतात

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेला निबंध अर्थशास्त्रात गाजला, आणि पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: गाडी चांगली आहे की खराब हे विक्रेत्याला माहीत असतं, गिऱ्हाइकाला नसतं. म्हणून गिऱ्हाईक सरासरी भावच द्यायला तयार होतं. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही, बाजारात वाईट गाड्यांचं प्रमाण वाढतं आणि भाव आणखी पडतो. नीट राखलेल्या गाडीच्या मालकाला डीलरचा आकडा अन्यायाचा वाटतो, त्याचं कारण या तर्कात सापडतं.

पण प्रत्यक्ष आकडे या सिद्धान्ताला पूर्ण साथ देत नाहीत. एरिक बाँड यांनी १९८२मध्ये अमेरिकेतले पिकअप ट्रक अभ्यासले. दुसऱ्या हाताने घेतलेले ट्रक देखभालीला जास्त लागतात असं त्यांना आढळलं नाही. १९९३मध्ये डेव्हिड जेनसोव्ह यांना डीलरांच्या लिलावात असा परिणाम दिसला, पण दुबळा. लोक तपासणी करतात, कागद मागतात, ओळखीतून घेतात, आणि अज्ञानाची दरी थोडीफार भरून निघते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

२०१२चा लॅसेटेरा, पोप आणि सिडनॉर यांचा अभ्यास विक्रेत्याला थेट उपयोगी आहे. त्यांनी अमेरिकेतल्या २.२ कोटींहून अधिक घाऊक व्यवहारांची छाननी केली. मीटरचा डावीकडचा आकडा बदलला, म्हणजे दहा हजार मैलांचा टप्पा ओलांडला, की किंमत एकदम पायरीसारखी खाली येते, जरी गाडी तीच असली तरी. आपल्या बाजारात २९,८०० आणि ३०,२०० यांचं वजन वेगळं पडतं ते सगळ्यांच्या अनुभवाचं आहे, त्याला इथे पुरावा मिळाला.

डीलर, कमिशन की थेट

विकण्याचे मार्ग तीन. डीलरला रोखीने देणं हा झटपट मार्ग. त्याला गाडी उभी ठेवायची, सजवायची, कधीकधी वॉरंटी द्यायची असते, शिवाय नफा हवा. म्हणून भाव कमी. गाडी त्याच्या शोरूममध्ये ठेवून कमिशनवर विकणं हा दुसरा मार्ग. महागड्या आयात गाड्यांत तो रुळला आहे, कारण त्यांचं गिऱ्हाईक शोरूममध्येच येतं. तिसरा खासगी सौदा. भाव सर्वात चांगला, वेळ आणि जोखीम सर्वात जास्त.

करांचा मुद्दा अलीकडे या तुलनेत महत्त्वाचा झाला आहे. डिसेंबर २०२४मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर ठरला. त्यावरून बराच गोंधळ उडाला. हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला, आणि तोही फक्त नफ्याच्या फरकावर लागतो. नोकरदार माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकली तर जीएसटी नाही. वैयक्तिक वापराची गाडी आयकरातही भांडवली मालमत्ता धरली जात नाही. पण महाराष्ट्रातल्या पुष्कळ महागड्या गाड्या कंपनीच्या किंवा व्यवसायाच्या नावावर घेतलेल्या असतात आणि त्यांच्यावर घसारा काढलेला असतो. त्या विकताना घसारा वजा जाऊन उरलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळालं तर त्या फरकावर जीएसटी येतो. घर आणि धंदा यांची सरमिसळ झालेल्या मालकाने सौद्याआधी सीएला विचारणं शहाणपणाचं.

डीलरच्या बाजूने एक नवा मुद्दाही आहे. केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो एप्रिल २०२३पासून लागू झाला. त्यानुसार अधिकृत परवाना घेतलेल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी भरून ऑनलाइन देता येते. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. खासगी गिऱ्हाइकाला गाडी देताना अशी मधली पायरी नाही, आणि त्याचीच चर्चा पुढे करायची आहे.

भाव कशाने ठरतो

इथे थोडक्यात. जुनी आरएस नव्या आरएसशी बांधलेली असते. ऑक्टोबर २०२५मध्ये ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा आली ती पूर्ण आयात होऊन, १०० गाड्या, ४९.९९ लाखांना. त्याच वर्षी गोल्फ जीटीआय ५३ लाखांच्या आसपास आली. नवी इतकी महाग म्हटल्यावर २०१७च्या चांगल्या गाडीला आधार मिळतो, असं मालक म्हणतात. त्याविरुद्धचं म्हणणं असं की सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून जवळपास ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांचे भाव त्यामुळे दबले. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये झालेल्या व्यापार कराराने तिथून येणाऱ्या ठराविक संख्येच्या गाड्यांचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे. त्याचा जुन्या अ‍ॅस्टन मार्टिन किंवा लोटसच्या किमतीवर किती परिणाम होईल, यावर व्यापाऱ्यांत एकमत नाही.

नोंदणी कुठली, यालाही किंमत आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १३ टक्के आहे. एमएच पासिंगच्या गाडीत तो भरलेला असतो, इथल्याच गिऱ्हाइकाला पुन्हा भरावा लागत नाही. पुदुच्चेरीसारख्या कमी कराच्या ठिकाणी नोंदलेली गाडी मुंबईत विकायला काढली तर बारा महिन्यांपुढे इथे पुन्हा नोंदणी आणि कर आला, आणि गिऱ्हाईक ते पैसे आधीच कापून बोलतं.

गाडीत केलेले बदल हा आणखी एक मतभेदाचा विषय. इंजिनचा रीमॅप, मोठा एक्झॉस्ट, खाली उतरवलेलं सस्पेन्शन यांवर मालकाने चार-पाच लाख घातलेले असतात आणि ते भावात मिळावेत अशी त्याची अपेक्षा असते. बहुतेक जाणकार गिऱ्हाइकांना गाडी कंपनीने दिली तशीच हवी असते. काढून ठेवलेले मूळ भाग जपले असतील तर तेही गाडीसोबत द्यावेत, यावर मात्र दोन्ही बाजू सहमत आहेत.

गाडी गेली, नाव राहिलं

आता सर्वात गंभीर प्रश्न. सौदा नेमका कधी पुरा होतो?

१९३०च्या माल विक्री कायद्याने पाहिलं तर गाडी ही जंगम वस्तू. दोघांचा तसा हेतू असेल तर पैसे आणि ताबा दिला-घेतला की मालकी बदलते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. या दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत अनेक प्रामाणिक विक्रेते अडकले आहेत. २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गाडी होती. नोंदणीकृत मालकाने ती २००७मध्ये विकली, ती पुढे हातोहात फिरली, आणि २००९मध्ये अपघात झाला. नाव मात्र पहिल्याचंच. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकली. अपघातग्रस्ताने हातोहात गेलेल्या गाडीचा शेवटचा मालक शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार. २०२०मध्ये सुरेंद्र कुमार भिलावे यांच्या खटल्यात तोच नियम उलट्या दिशेने लागू झाला. नोंदणी बदललेली नसल्यामुळे विकणाराच मालक ठरला, म्हणून विमा कंपनीला त्याचा दावा नाकारता आला नाही.

विक्रेत्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ज्याच्या ताब्यात गाडी नाही त्याला दोषी धरणं कठोर आहे. बळीच्या बाजूने बोलणाऱ्यांना नोंदणी हीच एकमेव खात्रीची खूण वाटते. कायदा आज दुसऱ्या बाजूला आहे. तिथेच तो राहणं मला योग्य वाटतं, पण मग विक्रेत्याला स्वतःचं नाव उतरवून घेण्याचा सोपा मार्ग हवा, आणि तो अर्धवट आहे. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ विक्रेत्याची सूचना, फॉर्म ३० घेणाऱ्याचा अर्ज. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आधी बोजा उतरवायचा. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत किंवा दुसऱ्या राज्यात जायची असेल तर फॉर्म २८. एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर महाराष्ट्रात हस्तांतराचं काम तिथेच थांबतं. घेणाऱ्याने आपला अर्ज टाळला तर विक्रेत्याच्या हाती फॉर्म २९ची पोच आणि चकरा एवढंच उरतं.

म्हणून प्रत्यक्षात दोन पद्धती रूढ झाल्या आहेत. काही जण नावावर झाल्याशिवाय किल्ली देत नाहीत. काही जण पूर्ण पैसे आल्यावर तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रती घेऊन डिलिव्हरी नोट करतात, आणि ठरावीक रक्कम नाव बदलेपर्यंत अनामत ठेवतात. पहिली पद्धत सुरक्षित आहे, पण चांगलं गिऱ्हाईक कधीकधी हातचं जातं. दुसरीत अनामत किती, हा वाद. लाखाची अनामत असेल तर गिऱ्हाईक स्वतःच आरटीओच्या मागे लागतं. पाच हजारांसाठी कुणी लागत नाही.

विमा आणि फास्टॅग यांतही अशीच गफलत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर जातं असं धरलं जातं, पण स्वतःच्या नुकसानीच्या संरक्षणासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायला हवा. नो क्लेम बोनस मात्र विक्रेत्याचाच. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो. जुना फास्टॅग बंद करायचा राहिला की टोल आपल्या खात्यातून जात राहतो, आणि ई-चलान तर नाव बदलेपर्यंत जुन्याच मोबाइलवर.

चालवून दाखवणं आणि पैसे

टेस्ट ड्राइव्हबाबत मतं टोकाची आहेत. जुन्या पद्धतीचे मालक किल्ली देतच नाहीत, स्वतः चालवतात आणि गिऱ्हाइकाला शेजारी बसवतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे अपुरं आहे, कारण क्लच आणि स्टीअरिंग हाताने कळतात, पाहून नाही. रूढ तडजोड अशी: आधी लायसन्सची प्रत घ्यायची, विमा चालू आहे याची खात्री करायची, मालक शेजारी बसायचा आणि रस्ता मालकाने ठरवायचा. अनोळखी तरुणाने ताकद पाहायला म्हणून गर्दीच्या रस्त्यावर गाडी सोडली आणि काही घडलं तर नाव आपलं आहे, ही भीती रास्त आहे.

रोखीचा आग्रह अजूनही होतो. २०१७पासून आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. तीस लाखांच्या गाडीचे निम्मे पैसे ‘वरून’ घ्यायचे म्हणजे स्वतःला दंडाच्या दारात उभं करणं. आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून चोवीस तास चालतो. त्यामुळे रविवारचा सौदा रविवारीच पैशांसकट पुरा होऊ शकतो, आणि रक्कम खात्यात आलेली स्वतःच्या बँकेत पाहूनच गाडी द्यावी यावर कुणाचंही दुमत नाही.

अजून न सुटलेलं

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५मध्ये, म्हणजे मूळ २०३०च्या मुदतीच्या पाच वर्षं आधी गाठलं. सहा-आठ वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचंच मिश्रण सांगितलेलं आहे. मायलेज थोडं घटतं, यापलीकडे काळजीचं कारण नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. मालकांना चिंता आहे ती इंधनाच्या रबरी भागांची आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा शोषणाऱ्या इथेनॉलची. महिन्यातून एकदाच निघणाऱ्या गाडीला हा प्रश्न रोजच्या गाडीपेक्षा जास्त लागू आहे, आणि भारतातल्या हवामानात अशा गाड्यांवर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांचं उत्तर अजून काळाच्या हातात आहे.

वयाचं गणितही बदलतं आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२पासून त्याचं शुल्क मोटारीला ५,००० आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते दुप्पट झालं. म्हणजे आज २०१७ची आरएस घेणारा माणूस २०३२मध्ये याच खिडकीपुढे उभा असेल. भाव करताना जाणकार गिऱ्हाईक उरलेली वर्षंही मोजू लागलं आहे. वीस हजार किलोमीटरची गाडी त्याच्या वहीत पंधरा वर्षांतली आठ-नऊ वर्षं संपलेली गाडी असते. नीट राखलेल्या गाड्यांना फिटनेस तपासणीच्या निकालावर जास्त काळ द्यावा, सरसकट वयावर नाही, अशी हौशी मालकांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. प्रदूषण आणि सुरक्षा यांचा विचार करणारे तिला सावधपणे विरोध करतात. रीडिंगचं सार्वजनिक खातं सुरू झालं तर या दोन्ही बाजूंना मोजण्यासारखं काही हाती येईल. त्याची नोंद पीयूसीच्या वेळी करायची की विमा नूतनीकरणाच्या वेळी, आणि ते खातं कुणाला पाहता यावं, हे ठरवणं अजून बाकी आहे.